टौकेची शाळा कोणती? मलेशियातल्या चिनी दुकानांत नवी पद्धत रुजवताना

प्रश्न विचारणारे मूळचे कोल्हापूरचे. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना मलेशियात पेनांगला पाठवलं आहे. बटरवर्थ आणि बुकित मर्ताजम भागात चिनी मालकांची, इथल्या भाषेत ‘टौकें’ची, हार्डवेअरची आणि गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे स्टॉक आणि बिलिंगची नवी प्रणाली बसवायची, हे त्यांचं काम. साहेबांनी निघताना ठोकताळा दिला होता की मालक जितका शिकलेला तितका तो लवकर बदलतो. पण ऑस्ट्रेलियात बी.कॉम. केलेला मालक आठ महिने ‘बघू’ म्हणतोय. आणि जेमतेम सहावी झालेल्या मालकाने पंधरा दिवसांत क्यूआर पेमेंट चालू केलं, फोनवरून लाइव्ह विक्री सुरू केली, फक्त यांची प्रणाली तेवढी घेतली नाही. ‘मग शिक्षणाचा बदलाशी काही संबंध आहे की नाही?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. पण तुमच्या साहेबांनी शिक्षणाची वर्षं मोजली, तिथे गणित फसलं. मी २००८ पासून क्लांग व्हॅलीत, म्हणजे क्वालालंपूरच्या परिसरात, हेच काम करतोय, मधली दोन वर्षं इपोहला होतो आणि एक काम इंडोनेशियात मेदानला केलं. एवढ्या दुकानांत बसून माझं एक मत पक्कं झालंय. मालक बदलणार की नाही, हे त्याच्या शिक्षणावरून सांगता येत नाही. बदल त्याच्याकडे कुठल्या दाराने येईल आणि त्याबाबतीत तो कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवेल, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. आणि त्यासाठी तो कितवी शिकला यापेक्षा कुठल्या भाषेतून शिकला हे जास्त कामाचं आहे.

इथला थोडा इतिहास माहीत असल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून तेवढा सांगतो. १९६१ च्या शिक्षण कायद्याने चिनी माध्यमिक शाळांपुढे दोन वाटा ठेवल्या. सरकारी अनुदान हवं असेल तर चिनी माध्यम सोडायचं, नाहीतर स्वतःच्या पैशावर शाळा चालवायची. दुसरी वाट धरलेल्या शाळा म्हणजे ‘दूचोंग’, स्वतंत्र चिनी माध्यमिक शाळा. आज त्या साठेक आहेत, त्यातल्या चार एकट्या क्लांगमध्ये. त्यांची स्वतःची परीक्षा १९७५ पासून आहे, तिला सगळे यूईसी म्हणतात. तैवान, सिंगापूर, ऑस्ट्रेलियात ती चालते, पण इथल्या सरकारी विद्यापीठांत साध्या प्रवेशासाठी ती वर्षानुवर्षं धरली गेली नाही. चिनी प्राथमिक शाळा मात्र सरकारी व्यवस्थेत टिकल्या. तिसरी धारा इंग्रजी शाळांची, मिशनऱ्यांच्या वगैरे. १९७० साली पहिलीत आलेल्या मुलांपासून या शाळा वर्षाला एक इयत्ता अशा मलय माध्यमात गेल्या.

म्हणून मी मालकाचं वय कळलं की मनात लगेच हिशेब मांडतो. १९६३ च्या आधी जन्मलेला आणि इंग्रजी शाळेतला असेल, तर तो करारातली बारीक अक्षरंही वाचतो, पण कित्येकदा त्याला स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरचं चिनी नाव वाचता येत नाही. त्याच वयाचा चिनी शाळेतला माणूस रोज सकाळी चिनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि बँकेचं इंग्रजी पत्र आलं की भाच्याला फोन लावतो. पन्नाशीतला असेल तर बहुधा सहा वर्षं चिनी प्राथमिक शाळा आणि पुढे मलय माध्यम. मलय कच्चं असलेल्या मुलांना मध्ये एक जादा वर्ष ‘रिमूव्ह क्लास’ला बसवत. आज धंद्यात असलेल्या अनेकांनी शाळा नेमकी त्या सुमारास सोडली. त्यांच्याशी बोलताना ती गोष्ट हमखास निघते, आणि ‘मी शिकलेला नाही’ असं ते ज्या पद्धतीने म्हणतात त्यातून ती जखम दिसते. १९७१ नंतर सरकारी विद्यापीठांत मलय आणि इतर भूमिपुत्रांसाठी राखीव जागा आल्या, तेव्हा ज्यांना परवडलं त्यांनी मुलांना ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, तैवानला पाठवलं. तुमच्या बी.कॉम.वाल्या मालकाची पदवी त्या वाटेने आलेली आहे.

आता एक दुकान जवळून दाखवतो, कारण मी सगळं शिकलो ते तिथेच.

क्लांगमधलं घाऊक हार्डवेअरचं दुकान. वर्ष २०१५. त्या वर्षी १ एप्रिलपासून इथे ६ टक्के जीएसटी लागू झाला. वार्षिक उलाढाल पाच लाख रिंगिटच्या (इथलं चलन) वर असेल तर नोंदणी सक्तीची, म्हणून सगळ्यांची धावपळ चालली होती. टौके साठीचे. (इथे मालकाला सगळेच टौके म्हणतात आणि मालकिणीला टौकेन्यो.) दूचोंगमध्ये तीन वर्षं काढून त्यांनी शाळा सोडलेली. मी इंग्रजीतून तासभर सादरीकरण केलं. त्यांनी मान डोलावली, चहा पाजला आणि म्हणाले, ‘मान मान लाय’, म्हणजे सावकाश होऊ दे. मी कार्यालयात येऊन लिहिलं: ग्राहक बदलाला तयार नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी काही न दाखवता नुसता दिवसभर काउंटरमागे बसून राहिलो. एका ठेकेदाराचा व्हॉट्सअ‍ॅपवर होक्कियेन या चिनी बोलीत आवाजी निरोप आला. टौकेंनी तो ऐकला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं आदल्या दिवसाचं पान फाडून त्याच्या पाठीवर चिनी अक्षरांत पाच ओळी लिहिल्या आणि आत हाक मारली. गोदामातल्या नेपाळी पोऱ्याला चिनी वाचता येत नाही. टौकेंनी त्याला मलयमध्ये तोंडी सांगितलं, त्याने पाचही वस्तू बरोबर आणल्या. प्रत्येक खोक्यावर एक छोटी चिठ्ठी होती, तिच्यावर दोन-तीन चिनी अक्षरं. ती खरेदीची किंमत होती, सांकेतिक लिपीत. आपल्याकडचे जुने कापडवाले दहा अक्षरांचा शब्द ठरवून किंमत लिहायचे, तसंच. आणि माझ्या प्रणालीत काय होतं, तर ‘एल ब्रॅकेट गॅल्व्हनाइज्ड ७५ एमएम’. त्या दुकानात हे नाव घेणारा एकही माणूस नव्हता! एकाच वस्तूला तिथे तीन नावं होती आणि मी चौथं घेऊन गेलो होतो.

त्याच दुपारी टौकेंनी मला त्यांचा फोन दाखवला. चीनमधली १६८८ ही घाऊक बाजाराची साइट उघडी होती, सगळी चिनी भाषेत. तिथल्याच यिवू शहरातल्या एका पुरवठादाराशी वीचॅटवर नमुन्यांच्या फोटोंची देवाणघेवाण चाललेली. मधला आयातदार त्यांनी केव्हाच काढून टाकला होता. पुरवठ्याची अख्खी साखळी त्यांनी बदलली होती, कोणाच्याही सल्ल्याशिवाय. आणि या माणसाबद्दल मी ‘तयार नाही’ असं लिहून बसलो होतो. त्याची मला आजही खंत वाटते.

मग आम्ही काय केलं, तर प्रणालीचे पडदे (स्क्रीन) चिनी भाषेत करून घेतले. वस्तूंच्या यादीत आणखी दोन रकाने वाढवले, एकात दुकानातलं चिनी नाव, दुसऱ्यात फोटो. फोटो नेपाळी पोऱ्यासाठी. चार हजार वस्तूंपैकी रोज हलणाऱ्या दोनशे आधी घेतल्या. बीजक इंग्रजीत छापायला लागायचं, कारण कायद्याप्रमाणे ते मलय किंवा इंग्रजीतच असायला हवं, ते प्रणालीने आपोआप केलं. त्या माणसाचं सावकाश म्हणजे सात आठवडे निघाले.

उलटी बाजू इपोहला पाहिली. मालक मिशनरी शाळेत इंग्रजीतून शिकलेले, सत्तरीकडे झुकलेले, अतिशय सज्जन. त्यांनी माझी माहितीपुस्तिका पेन्सिलीने खुणा करत वाचली, करारातली दोन कलमं बदलायला लावली आणि तिसऱ्या भेटीत सही केली. मला वाटलं, काम फत्ते. पण दुकान प्रत्यक्षात चालवणारा मुख्य माणूस तीस वर्षं तिथेच काम करणारा, चिनी शाळेतला. मालकांचे सगळे लेखी आदेश इंग्रजीत निघत आणि तो ते घडी करून खिशात ठेवत असे. चीनमधून येणाऱ्या मालाची कागदपत्रं मालकांना वाचता येत नसत, ती तो वाचत असे. म्हणजे ज्याच्याकडे सहीचा अधिकार, त्याच्याकडे मालाची माहिती नाही, आणि ज्याच्याकडे माहिती, त्याला कोणी विचारलंच नाही. पाच महिने प्रणाली नावाला चालू होती आणि खरा स्टॉक त्या माणसाच्या वहीत. शेवटी आम्ही प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून घेतलं, या वेळी चिनीतून, त्याला पुढे बसवून, आणि मालकांच्या समोर त्याच्याकडून चुका काढून घेतल्या. माझ्या यादीत त्याने एकोणीस चुका काढल्या. त्या दिवसापासून ती प्रणाली त्याची झाली.

या दोन दुकानांतून दिसतं ते असं. इंग्रजीतून शिकलेल्या मालकाकडे बदल कागदावरून येतो: कायदा, बँक, ऑडिटर, करार. त्याला साक्षीदार म्हणून दस्तऐवज पुरतो. चिनीतून शिकलेल्याकडे तो माणसांकडून आणि चिनी भाषेतल्या बाजारातून येतो. त्याला साक्षीदार हवा असतो तो त्याच्यासारखाच धंदा करणारा, शक्यतो त्याच शाळेतला नाहीतर त्याच बोलीच्या मंडळातला. होक्कियेन, हक्का, फूचाऊ, प्रत्येकाची मंडळं आहेत, शिवाय व्यापाराच्या संघटना आहेत. क्लांगच्या टौकेंनी मला आमच्या प्रणालीबद्दल एकही तांत्रिक प्रश्न विचारला नाही. फक्त विचारलं, ‘आणखी कोण वापरतं?’ मी तीन नावं सांगितली. तिसरं त्यांच्या वर्गमित्राचं निघालं. ते त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसले.

शिकवण्याच्या पद्धतीचाही असाच परिणाम दिसतो. चिनी शाळेत पाठांतर, अक्षरं शेकडो वेळा गिरवणं आणि तोंडी हिशेब यांवर भर. त्या शाळेतून आलेला माणूस प्रशिक्षणात वही घेऊन बसतो, प्रत्येक पायरी उतरवून घेतो आणि चारचौघांत शंका विचारत नाही. ‘समजलं का?’ विचारलं तर ‘हो’ येतं. शंका येते रात्री साडेदहाला, व्हॉट्सअ‍ॅपवर, पडद्याच्या फोटोसकट. त्या वेळी उत्तर देणाऱ्याचंच काम इथे टिकतं, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येक सहकाऱ्याला सांगतो. परदेशात शिकून आलेली पिढी नेमकी उलटी. बैठकीत भरपूर प्रश्न विचारते, पर्यायांची तुलना मागते, आणखी एक तक्ता मागते. त्यांना शिकवणं सोपं जातं, निर्णयाला वेळ लागतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, कारण वरचं सगळं ठोकताळा म्हणून वापरलंत तर तुम्हीही साहेबांसारखेच फसाल. इथले अर्थतज्ज्ञ एडमंड टेरेन्स गोमेझ बरीच वर्षं मांडत आले आहेत की ‘चिनी धंद्याची पद्धत’ असं सरसकट काही नसतं, पिढीगणिक आणि धंद्यागणिक ती बदलते. माझाही अनुभव तोच. वय आणि शाळेची भाषा इथे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की नक्की कशाचा परिणाम हे कित्येकदा सांगता येत नाही. पुरवठादार कोण, यानेही खूप फरक पडतो. जपानी कंपनीच्या सुट्या भागांचा वितरक असेल तर कंपनीची शिस्त त्याला पाळावीच लागते, शाळा कुठलीही असो. सीमा ओलांडली की चित्रच पालटतं. इंडोनेशियात १९६६ मध्ये चिनी शाळा बंद पडल्या, त्यामुळे मेदानमध्ये मला भेटलेले पन्नाशीतले मालक घरी होक्कियेन बोलत पण चिनी वाचू शकत नव्हते. मी मलेशियाहून मोठ्या हौसेने नेलेले चिनी पडदे तिथे कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

आणि अनुभव हेही एक शिक्षणच असतं, ते विसरू नका. २०१५ च्या जीएसटीसाठी लोकांनी संगणक घेतले, माणसं नेमली, रात्री जागवल्या. जून २०१८ पासून तो कर शून्यावर आला आणि सप्टेंबरमध्ये जुना विक्री व सेवा कर परत आला. आता ऑगस्ट २०२४ पासून ई-इन्व्हॉइस टप्प्याटप्प्याने लागू होतंय, सुरुवात दहा कोटी रिंगिटच्या वरच्या उलाढालीपासून. लहान दुकानदार म्हणतो, ‘थांबू, आधी बघू टिकतं का.’ आपले लोक अहवालात याला अडेलपणा म्हणतात. मला तो शब्द अजिबात मान्य नाही. ज्याचे पैसे एकदा वाया गेलेत त्याने दुसऱ्यांदा थांबणं हा शहाणपणा आहे. त्याच्याशी बोलायचं असेल तर कर राहिला काय नि गेला काय, पडून राहिलेला माल कळणं, उधारी कळणं, हे उपयोग आधी दाखवा.

तुमच्या दोन मालकांकडे येतो.

सहावीवाल्यांनी तुम्हाला नकार दिला असं तुम्ही लिहिलंय. मला ते तसं वाटत नाही. क्यूआरला वाचायला जवळजवळ काही लागत नाही. लाइव्ह विक्री त्यांनी चिनी व्हिडिओ पाहून शिकली असणार, कोणाची मदत न घेता. तुमची प्रणाली इंग्रजी आणि मलयमध्ये आहे, म्हणजे ती घेतली की रोज कोणाला तरी ‘हे काय लिहिलंय’ विचारत बसायचं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या नोकरासमोर. आयुष्यभर त्यांनी तेच टाळलेलं असतं. चिनी पडदे मिळेपर्यंत त्यांच्याकडे परत जाऊ नका, आणि जाल तेव्हा चिनीतून शिकवणारा माणूस घेऊन जा. इंग्रजी उताऱ्याचं यंत्राने केलेलं भाषांतर चालणार नाही. त्यातले हार्डवेअरचे शब्द चीनमधले असतात, पेनांगच्या दुकानातले वेगळे. शब्द त्यांच्याचकडून भरून घ्या.

बी.कॉम.वाल्या मालकांबद्दल मला तुमच्या लिहिण्यातून एक शंका येते. दुकानात त्यांचे वडील बसतात का? तुम्ही वडिलांचा उल्लेखच केलेला नाही. पदवीने मुलाला योजना मांडायची भाषा मिळते, दुकानातला अधिकार मिळत नाही. अशी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. बापाचा होकार नाही हे बाहेरच्या माणसाला सांगणं म्हणजे घराची अब्रू काढणं, म्हणून ती तुमच्याकडे आणखी एक तक्ता मागतात. त्यांना आणखी तक्ते पाठवू नका. वडिलांच्या वहीसोबत दोन संध्याकाळी बसायची परवानगी मागा. वही बंद करा असं चुकूनही म्हणू नका. तीन महिने वही आणि प्रणाली दोन्ही चालू ठेवा, आणि दर शनिवारी दोन्हींचा मेळ वडिलांनाच घालू द्या. माझ्या एका दुकानात आठव्या शनिवारी फरक निघाला तेव्हा चूक वहीत होती. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी वही आणलीच नाही.

आणि दोन्ही दुकानांत टौकेन्योंना भेटा. गल्ला, उधारी, पगार, सगळं बहुतेक ठिकाणी त्यांच्याच हातात असतं. मालकाचं शिक्षण विचारणाऱ्या आपल्या फॉर्मात त्यांच्यासाठी रकाना नसतो. मी कित्येकदा पाहिलंय की नवरा प्राथमिक शाळेपर्यंत आणि बायको हिशेबनिसाचा कोर्स केलेली, किंवा दूचोंगच्या वाणिज्य शाखेची. तिला तुमची प्रणाली तुमच्यापेक्षा आधी कळते. तिच्या सोयीचं काय आहे ते विचारा. महिनाअखेरीस उधारीची पत्रकं काढायला तिच्या दोन रात्री जातात, तिथून सुरुवात केली तर फार समजवावं लागत नाही.

तारखेचं तेवढं सांभाळा. चिनी नववर्षाच्या आधीच्या दीड महिन्यात कोणालाही हात लावू नका, ते उधारी वसुलीचे आणि सगळ्यात जास्त विक्रीचे दिवस असतात. सातवा चांद्र महिना, साधारण ऑगस्टच्या आसपासचा, हा भुतांचा महिना मानतात, त्यात बरेच जण नवं काही सुरू करत नाहीत, आपल्याकडे पितृपक्षात करत नाहीत तसंच. नववर्षाच्या सुट्टीनंतर दुकान उघडायचा मुहूर्त ते पंचांग बघून काढतात. प्रणाली चालू करायचा दिवसही वडिलांनाच काढायला सांगा.

भेटीनंतर वडिलांचं वय आणि शाळा कळली की इथेच खाली लिहा. वही कोणत्या भाषेत आहे आणि तिच्यात किमती आकड्यांत आहेत की अक्षरांत, हेही बघून या. त्यावरून वस्तूंची यादी कशी मांडायची ते मी सांगू शकेन.